कपडा अंगावर आला, मग फॅशन कुठून आली?

लंडनच्या पेट्री संग्रहालयात लिननचा एक अंगरखा आहे. इजिप्तमधल्या तारखान इथल्या थडग्यांचं उत्खनन 1913 साली झालं, तेव्हा हाती लागलेल्या चिंध्यांच्या ढिगात तो होता. पुढची साठेक वर्षं तो तसाच पडून राहिला. 1977 साली त्या चिंध्या साफ करायला घेतल्या तेव्हा आत काय दडलंय ते कळलं. कार्बन चाचणीनुसार तो 5 हजार वर्षांहून जुना आहे. विणलेल्या आणि बेतून शिवलेल्या कपड्यांमध्ये आज शिल्लक राहिलेला हा सर्वांत जुना मानला जातो. सापडला तेव्हा तो उलटा होता, डोक्यावरून ओढून काढलेला कपडा जसा आतून बाहेर येतो तसा. कोपरापाशी आणि काखेत वापराच्या सुरकुत्याही दिसतात. म्हणजे तो थडग्यात ठेवायला म्हणून नवा शिवलेला नव्हता. कुणीतरी तो जिवंतपणी अंगात घातला होता.

माझी नजर मात्र दरवेळी त्याच्या बाह्यांवरच्या चुण्यांवर जाते. अरुंद, शेजारीशेजारी बसवलेल्या, एकसारख्या. या चुण्यांमुळे अंग जास्त झाकलं जात नाही, की कपडा जास्त टिकत नाही. तरीही कुणीतरी वेळ काढून त्या बसवल्या, कारण कपडा तसा छान दिसत होता.

फॅशन हा विषय समजून घ्यायचा तर आधी तीन गोष्टी वेगळ्या करायला हव्यात. पहिली कपडा. थंडी, ऊन, काटेकुटे आणि लाज यांपासून तो शरीराला वाचवतो. दुसरी पेहराव. आपण कोण, कुठल्या कामातले, लग्नाला निघालोय की मयताला, हे तो समोरच्याला न बोलता सांगतो. सैनिकाचा गणवेश, न्यायाधीशाचा झगा ही त्याची ठळक उदाहरणं. तिसरी गोष्ट फॅशन, आणि तिच्यात काळ येऊन मिसळतो. कालपर्यंत चांगला दिसणारा कपडा आज जुनाट वाटतो. कपड्यात काहीच बदललेलं नसतं, बदललेली असते ती बघणाऱ्यांची नजर. कपडा आणि पेहराव सगळ्या समाजांत, सगळ्या काळांत होते. फॅशनला मात्र बदल हवासा वाटणारी माणसं लागतात, आणि तो बदल परवडेल एवढं कापडही लागतं. माझ्या मते या दुसऱ्या अटीकडे फार कमी लक्ष दिलं जातं, म्हणून हा लेख बराचसा तिच्याबद्दल आहे.

माणसाने कपडे घालायला कधी सुरुवात केली? कातडं आणि धागा कुजून जातात, त्यामुळे थेट पुरावा जवळपास नाही. उत्तराचा धागा मिळाला तो उवांकडून. माणसाच्या डोक्यात राहणारी ऊ आणि कपड्यांच्या शिवणीत राहणारी ऊ या एकाच वंशातल्या. कपड्यातल्या उवेला राहायला कपडे हवेत, तेव्हा ती वेगळी झाली त्या सुमारास माणूस नेमाने कपडे घालू लागला असणार. जनुकीय अभ्यासातून हा काळ साधारण 1 लाख 70 हजार ते 83 हजार वर्षांपूर्वीचा निघतो. नेढं असलेल्या हाडाच्या सुया त्यानंतर खूप उशिरा, सुमारे 40 हजार वर्षांपूर्वीपासून सायबेरियात दिसू लागतात. सुई आली म्हणजे कातडं नुसतं पांघरायचे दिवस संपले. तुकडे जोडून अंगाबरोबरचा कपडा करता येऊ लागला आणि त्या जोरावर माणूस अतिथंड प्रदेशांतही टिकला. जॉर्जिया देशातल्या झुझुआना गुहेत 30 हजार वर्षांहून जुने जवसाच्या खोडाचे धागे सापडले आहेत, आणि त्यातले काही रंगवलेले असावेत असं ते शोधणाऱ्यांचं मत आहे.

आल्प्सच्या बर्फात 1991 साली सापडलेला ‘ओत्झी’ हा माणूस इसवी सनापूर्वी सुमारे 3300 चा. त्याच्या कोटाला मेंढी आणि बकरी दोन्हींचं कातडं, पायांवरची आवरणं बकरीच्या कातड्याची, टोपी अस्वलाची, बुटाची नाडी गाईच्या कातड्याची. कोट ठिकठिकाणी ठिगळ लावून दुरुस्त केलेला होता. कुठलं कातडं कशाला वापरायचं याचं त्या माणसाला नेमकं ज्ञान होतं.

सगळी मेहनत धाग्यात

आता थोडं कापड कसं बनतं याकडे वळू, कारण पुढचा इतिहास त्याच्याशिवाय उलगडत नाही. कापसाचा, लोकरीचा किंवा जवसाचा एकेक तंतू तोकडा आणि कमजोर असतो. बोटांनी ओढलात तर तुटतो. पण तंतू एकमेकांवर सरकवत पीळ दिला की ते एकमेकांना घट्ट धरतात आणि हवं तेवढं लांब सूत निघतं. रेशीम याला अपवाद: एका कोशातून शेकडो मीटर लांबीचा अखंड तंतू उलगडतो.

सूत मागावर जातं. उभे धागे ताणून बसवतात, तो ताणा. त्यांच्या खाली-वर करत धोट्याने आडवा धागा सोडतात, तो बाणा. एक धागा वर, एक खाली अशी साधी वीण. दोन वर, एक खाली आणि प्रत्येक ओळीत एक घर सरकत गेलं की तिरप्या रेषा उमटतात. जीन्सच्या कापडावर नीट पाहिलंत तर त्या दिसतील. धागा बऱ्याच घरांवरून लांब मोकळा सोडला की साटिनची चमक येते. टी-शर्टचं कापड मात्र मागावरचं नसतं. ते स्वेटरसारखं एकात एक अडकवलेल्या फाशांचं असतं, म्हणून ते ताणलं जातं आणि पुन्हा आकसतं.

आता एक हिशेब करू. दर सेंटिमीटरला 20 उभे आणि 20 आडवे धागे असलेलं कापड घ्या. एका चौरस मीटरला 4 किलोमीटर सूत लागतं. एका सदऱ्याला 2 चौरस मीटर कापड धरलं तर 8 किलोमीटर. हे सगळं टकळीवर किंवा चरख्यावर, बोटांच्या चिमटीतून, हाताने काढायचं. एका विणकराचा माग चालू ठेवायला कित्येक जणींना कातत बसावं लागे. जगभर हे काम बहुतेक बायकांचं होतं आणि त्याचा मोबदला नगण्य होता. जुन्या काळी कपडा मृत्युपत्रात वाटून दिला जाई, चोरीला जाई, गहाण पडे. उलटवून पुन्हा शिवला जाई, मोठ्याचा लहानाला होई आणि शेवटी चिंधी होऊन कागदाच्या कारखान्यात जाई, ते का, हे या आकड्यावरून कळतं.

इतक्या कष्टाच्या कापडाला कातर लावायला कुणाचाही हात कचरणारच. म्हणून जगातले बरेच जुने पोशाख न कापलेल्या कापडाचे आहेत: रोमन टोगा, ग्रीक अंगवस्त्रं, साडी, धोतर, सारोंग. सबंध कापड, घड्या आणि गाठी. कुठल्याही मापाच्या शरीरावर बसणारं. दुसरी परंपरा कापून-शिवून अंगाबरोबर बसवण्याची, आणि तिला चालना मिळाली घोड्यामुळे. सध्याच्या चीनमधल्या तुर्फानजवळ यांगहाय इथे सापडलेली लोकरी विजार सुमारे 3 हजार वर्षांची आहे. तिच्यातही कातरीचा वापर नाही. दोन पायांचे दोन तुकडे आणि मांड्यांमधला रुंद तुकडा असे तिन्ही भाग मागावरच हव्या त्या आकारात विणले आहेत. गुडघ्यांवर वीण जाड आणि घट्ट आहे, बाकी ठिकाणी लवचीक. घोड्यावर मांड ठोकून बसणाऱ्याला कुठे ताण येतो हे विणणाऱ्याला ठाऊक होतं. पुढे इसवी सनापूर्वी 307 मध्ये चीनमधल्या झाओ राज्याच्या वूलिंग राजाने भटक्या शत्रूंशी लढता यावं म्हणून आपल्या सैन्याला त्यांचाच आखूड अंगरखा आणि विजार घालायला लावली. दरबाऱ्यांनी तेव्हा कडाडून विरोध केला होता.

कायद्याने बांधलेला पेहराव

कापड महाग, त्याहून रंग महाग. भूमध्य समुद्राकाठचा जांभळा रंग एका जातीच्या समुद्री गोगलगाईंपासून काढत. 1909 साली पॉल फ्रिडलेंडर या रसायनशास्त्रज्ञाने 12 हजार गोगलगाईंपासून जेमतेम 1.4 ग्रॅम रंग मिळवला. हा रंग सम्राटांचा झाला तो असा.

जिथे कपड्यावरून दर्जा ओळखला जातो तिथे दर्जा ‘चोरला’ जाण्याची भीतीही येते. म्हणून कायदे आले. रोममध्ये इसवी सनापूर्वी 215 साली, युद्धाच्या काळात, बायकांनी अर्ध्या औंसापेक्षा जास्त सोनं बाळगू नये आणि रंगीबेरंगी वस्त्रं नेसू नयेत असा कायदा झाला. युद्ध संपलं तरी तो हटेना, तेव्हा बायका रस्त्यावर उतरल्या आणि इसवी सनापूर्वी 195 मध्ये तो रद्द झाला. इंग्लंडमध्ये 1463 च्या कायद्याने सरदारांखालच्या कुणीही बुटाचं टोक 2 इंचांपेक्षा लांब ठेवू नये असं बजावलं. असे कायदे पुन्हा पुन्हा काढावे लागले, यावरूनच लोक ते किती पाळत होते ते कळतं. जपानच्या एदो काळात व्यापाऱ्यांना भपकेबाज कपड्यांची बंदी होती. मग त्यांनी बाहेरून साधा, गडद रंगाचा किमोनो आणि आतून उंची, चित्रं काढलेलं रेशमी अस्तर अशी वाट काढली. हळूहळू हा लपवलेला थाटच खऱ्या रसिकतेची खूण ठरला. कायद्याच्या भीतीतून एक सौंदर्यदृष्टी घडली, हे मला या सगळ्या इतिहासातलं सर्वांत विलक्षण उदाहरण वाटतं.

आजच्या अर्थाची फॅशन, म्हणजे दर काही वर्षांनी बाह्यरेषाच बदलणं, युरोपात चौदाव्या शतकाच्या मध्यावर ठळक दिसते. त्याआधी स्त्री-पुरुष दोघंही सैल, लांब झगे घालत. साधारण 1340 नंतर पुरुषांचा अंगरखा एकदम आखूड आणि घट्ट झाला. फ्रान्समधल्या लियोंच्या वस्त्रसंग्रहालयात शार्ल द ब्लुआ या सरदाराचा असा एक अंगरखा आहे. पुढे आणि बाह्यांवर बटणांच्या रांगा, कमर आवळलेली, छाती फुगीर. काखेपाशी भलीमोठी गोल कापणी आहे, जी जवळपास छातीच्या मध्यापर्यंत येते. इतक्या घट्ट कपड्यात हात उचलता यावा म्हणून शिंप्याने केलेली ही युक्ती! असा अंगरखा बेतायला कसबी हात लागतो, आणि आकारच महत्त्वाचा ठरला की आकार बदलण्याचा खेळही सुरू होतो. फॅशन फक्त युरोपात जन्मली असं मात्र समजू नये. मिंगकालीन चीनच्या व्यापारी शहरांतही पोशाखाच्या लाटा येत-जात होत्या.

सतराव्या शतकात चौदाव्या लुईच्या फ्रान्सने यातून धंदा उभा केला. रेशीम आणि लेस देशातच तयार व्हावी असं धोरण आखलं गेलं. 1672 साली सुरू झालेलं एक नियतकालिक दरबारात काय चालतंय याच्या बातम्या छापू लागलं. पुढे नव्या चालीचे कपडे घातलेल्या बाहुल्या पॅरिसहून इतर राजधान्यांत जात.

त्याच सुमारास भारतातलं छापील सुती कापड युरोपात पोहोचलं आणि तिथे खळबळ उडाली. युरोपातल्या रंगाऱ्यांना सुतावर पक्का रंग बसवता येत नव्हता. भारतीय कारागीर तुरटी आणि लोहक्षारांनी कापड आधी तयार करत, त्यामुळे मंजिष्ठासारख्या मुळांचा लाल रंग धाग्यात पक्का बसे, कितीही धुतला तरी. वजनाला हलकं, रंगीत, धुता येणारं आणि रेशमापेक्षा स्वस्त कापड कुणाला नको असणार? लोकर आणि रेशीम विणणाऱ्यांच्या पोटावर पाय आला. फ्रान्सने 1686 ते 1759 अशी बंदी घातली. इंग्लंडनेही 1700 आणि 1721 साली कायदे केले. 1719 मध्ये लंडनच्या विणकरांनी भर रस्त्यात बायकांच्या अंगावरचे छापील कपडे फाडले. बंदी असूनही लोक ते घालत राहिले. फॅशन वरून खाली झिरपते असं म्हणतात, पण इथे राणीपासून मोलकरणीपर्यंत सगळ्यांना एकच कापड हवं होतं.

यंत्र आलं आणि हिशेब बदलला

ही मागणी घरच्या घरी भागवण्याच्या धडपडीतून इंग्लंडमध्ये यंत्रं आली. 1733 साली जॉन के याच्या उडत्या धोट्याने विणकाम वेगवान केलं आणि सूत कमी पडू लागलं. मग सूत कातणारी हारग्रीव्ह्जची ‘जेनी’, 1769 साली आर्कराइटचं पाण्यावर चालणारं कताई यंत्र, 1779 साली क्रॉम्प्टनचं ‘म्यूल’ हे कताई यंत्र. हजारो वर्षं चिमटीतून निघणारं ते 8 किलोमीटर सूत आता यंत्र काढू लागलं. हातावर कातणाऱ्यांचं उत्पन्न जगभर बुडालं. 1793 साली सरकी काढणारं व्हिटनीचं यंत्र आलं आणि अमेरिकेच्या दक्षिणेत कापसाचे मळे वाढत गेले, ते गुलामांच्या श्रमावर. तिथल्या जनगणनेत 1790 साली सुमारे 7 लाख गुलाम होते, 1860 साली सुमारे 40 लाख. स्वस्त कापडाची गोष्ट सांगताना हा आकडा वगळणं मला अप्रामाणिक वाटतं.

रंगाचंही तेच झालं. 1856 साली 18 वर्षांचा विल्यम पर्किन क्विनीन हे हिवतापाचं औषध बनवायच्या खटपटीत होता. त्याच्या हाती कोळशाच्या डांबरातून निघालेला जांभळा रंग लागला. दोन वर्षांनी राणी व्हिक्टोरिया मुलीच्या लग्नात तशाच फिक्या जांभळ्या पोशाखात दिसली. एके काळी सम्राटांपुरता असलेला रंग काही वर्षांत कुणालाही घेता येऊ लागला. 1897 साली कृत्रिम नीळ बाजारात आली आणि निळीची शेती मोडली.

शिवणयंत्राचा प्रवास खडतर होता. 1830 साली पेटंट घेतलेल्या तिमोनिए याचा सैनिकी गणवेश शिवणारा पॅरिसमधला कारखाना पुढच्याच वर्षी शिंप्यांच्या जमावाने फोडला. नंतर 1846 मध्ये एलियस हाव आणि 1851 मध्ये सिंगर यांनी ते यंत्र रुळवलं. याच काळात, 1858 साली, चार्ल्स फ्रेडरिक वर्थ या इंग्रज माणसाने पॅरिसमध्ये दुकान थाटलं. तोवर गिऱ्हाईक सांगे आणि शिंपी शिवे. वर्थने स्वतःची कल्पना आधी तयार केली, जिवंत मॉडेलच्या अंगावर घालून दाखवली आणि कपड्यात आपल्या नावाची पट्टी शिवली. डिझायनर हा पेशा तिथून सुरू झाला.

एकीकडे वर्थ, तर दुसरीकडे तयार कपडे. अमेरिकी यादवी युद्धात गणवेशांसाठी हजारो सैनिकांची मापं घेतली गेली आणि छातीच्या मापावरून बाकीची मापं ठरवता येतात हे लक्षात आलं. बायकांच्या मापाचा घोळ मात्र आजही मिटलेला नाही. अमेरिकेच्या कृषी खात्याने 1939-40 साली सुमारे 15 हजार बायकांची 59 मापं घेतली, पण त्यात जवळपास सगळ्या गोऱ्या होत्या. त्यावर बेतलेलं प्रमाण 1958 साली आलं आणि 1983 मध्ये मागे घेतलं गेलं. आता प्रत्येक कंपनी स्वतःचा आकडा ठरवते. एका कंपनीचा मीडियम बसतो आणि दुसरीचा दंडात अडकतो, त्यात तुमच्या शरीराचा काडीचा दोष नाही.

बायकांच्या कपड्यांवर बंधनं जास्त काळ टिकली. फ्रेंच क्रांतीत, 29 ऑक्टोबर 1793 ला, कुणी कुणावर कपड्यांची सक्ती करू नये असा ठराव झाला. तरी 1800 साली पॅरिसच्या पोलिसांनी पुरुषी वेश घालू इच्छिणाऱ्या बाईने परवाना घ्यावा असा आदेश काढला. तो कालबाह्य आणि निरर्थक असल्याचं फ्रेंच सरकारने अधिकृतपणे सांगितलं 2013 मध्ये! 1881 साली लंडनमध्ये स्थापन झालेली सुटसुटीत पोशाखाची संस्था मागत काय होती, तर बाईच्या आतल्या कपड्यांचं वजन 7 पौंडांपेक्षा, म्हणजे साधारण 3 किलोंपेक्षा जास्त नसावं. त्याआधी किती वजन अंगावर वागवत असतील याचा विचार करून पाहा.

फॅशन पसरते कशी, याचं एक उत्तर जर्मन समाजशास्त्रज्ञ जॉर्ज झिमेलने 1904 साली मांडलं: माणसाला इतरांसारखं व्हायचं असतं आणि वेगळंही दिसायचं असतं. वरचा वर्ग काही नवं घालतो, खालचे ते उचलतात, मग वरचे ते सोडतात. विसाव्या शतकाने याची दिशा उलटीही करून दाखवली. 1873 साली लेव्ही स्ट्रॉस आणि जेकब डेव्हिस यांनी खिशांच्या कोपऱ्यांवर तांब्याचे रिव्हेट ठोकलेली विजार पेटंट केली ती मजुरांसाठी. आज ती सगळ्या जगाची झाली आहे. टंचाईही फॅशन घडवते. ब्रिटनमध्ये 1941 ते 1949 कपडे कुपनांवर मिळत. त्या टंचाईच्या ऐन भरात, 12 फेब्रुवारी 1947 ला, क्रिस्टियान दिओरने पॅरिसमध्ये बारीक कमरेचे, मीटरच्या मीटर कापड खाणारे घेरदार स्कर्ट आणले. काहींना तो उर्मटपणा वाटला, पण युद्धाने थकलेल्या हजारोंना तेच हवं होतं.

1940 साली नायलॉनचे मोजे विक्रीला आले, त्यामागून पॉलिएस्टर. आज जगात बनणाऱ्या तंतूंपैकी निम्म्याहून जास्त पॉलिएस्टर आहे, आणि ते खनिज तेलापासून येतं. शेत, मेंढी, कोश कशाचीच वाट पाहावी लागत नाही. वर्षातून दोनदा बदलणारी दुकानं आता आठवड्याला बदलतात ती या तंतूच्या बळावर.

आणि तरीही एक काम यंत्राला अजून जमलेलं नाही. कताई, विणाई, रंगाई सगळं आपोआप होतं. शिवण मात्र नाही. कापड लुळं असतं. सुईखाली ते सरकतं, दुमडतं, ताणलं जातं. बाही खांद्याला जोडताना कापड किंचित ढिलं सोडत वळवावं लागतं, आणि ते बोटांनाच कळतं. म्हणून तुमच्या अंगावरच्या जवळजवळ प्रत्येक कपड्याची प्रत्येक शिवण कुणीतरी यंत्रापुढे बसून, हाताने कापड सरकवत घातलेली आहे. कापड स्वस्त झालं, तंतू स्वस्त झाला, उरला खर्च या माणसाच्या मजुरीचा. तो कमी करण्यासाठी कारखाने देशोदेशी फिरतात.

24 एप्रिल 2013 रोजी बांगलादेशात ढाक्याजवळ राणा प्लाझा ही आठ मजली इमारत कोसळून 1,134 माणसं गेली. आदल्या दिवशी भिंतींना तडे दिसले होते. खालच्या मजल्यावरची बँक आणि दुकानं बंद ठेवली गेली. वरच्या मजल्यांवरच्या शिवणकामगारांना मात्र कामावर बोलावलं होतं. त्यानंतर महिन्याभरात ब्रँड आणि कामगार संघटना यांच्यात इमारती आणि आगीच्या सुरक्षेचा करार झाला, आणि तो मोडला तर ब्रँडवर कायदेशीर कारवाई करता येईल अशी त्यात सोय होती. पुढे 200 हून जास्त कंपन्यांनी त्यावर सह्या केल्या आणि कारखान्यांची तपासणी बाहेरच्या अभियंत्यांकडून होऊ लागली. कपडा विकणारा, तो कपडा कुठे आणि कोणत्या छपराखाली शिवला गेला याला बांधील आहे, हे तिथे पहिल्यांदा इतक्या स्पष्टपणे कागदावर आलं.